गुडघ्याएवढी लंका

उंची वाढवायची असं मी ठरवलं तेव्हा माझी चाळिशी जवळ आली होती. (“या वयात रुंदी वाढते,” असं मेघाश्रीने, म्हणजे आमच्या सौभाग्यवतीने, लगेच ऐकवलं.)

कारण एकच. माझे सासरे श्रीधरराव. बेंगळुरात चामराजपेटेत त्यांचं कापडाचं दुकान, त्यामुळे नजर सतत मापाची. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी ते माझी ओळख करून देत, “आमचे जावई मकरंदराव. इंजिनियर आहेत. स्वल्प आखूड पडलेत, पण सरी, चालतंय.” जणू मी पहिल्या धुण्यात आटलो होतो! एकदा तरी त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहावं, एवढीच माझी इच्छा होती.

चौऱ्याण्णव साली बनशंकरीतल्या आमच्या मंडळाने गणपतीत कुंभकर्णाचं नाटक बसवायचं ठरवलं. कुंभकर्णासाठी मी हात वर केला. (तो कुणाला दिसला, हेच नवल.) सगळे हसले. मी शांतपणे म्हणालो, “राक्षस मोठा कशाला हवा? लंका लहान करू.” विमानांची ड्रॉइंग काढण्यात माझी हयात गेलेली. स्केल म्हणजे आपल्या हातचा मळ!

महिनाभर आमच्या हॉलमध्ये लंका उभी राहत होती. दरवाजा गुडघ्याएवढा, बुरूज कमरेएवढे. मेघाश्री ती ओलांडून स्वयंपाकघरात जायची आणि जाताना रावणापेक्षाही वाईट बोलायची. शेवटी देवाप्पा मांडववाल्याने ती स्टेजवर नेऊन मांडली. दोन पावलं मागे सरून तो म्हणाला, “फस्ट क्लास बिल्डिंग, सार!”

प्रयोगाला मी लंकेमागे दबा धरून बसलो. आधी आतून डरकाळी फोडायची आणि मग हळूहळू बुरुजांवर उगवायचं, असा बेत होता. पडदा उघडला. मी गरजलो, “कोण रे तो, माझी झोप मोडणारा?”

टाळ्यांचा कडकडाट! पुढच्या रांगेत कुणीतरी किंचाळलंसुद्धा. अजून मी दिसलोही नव्हतो. नुसत्या आवाजाने ही गत, म्हटल्यावर मी ऐटीत उगवलो.

टाळ्या थांबल्या. मग हशा पिकला.

वाकून पाहतो तो काय, लंकेच्या दरवाजात भला थोरला कोहळा टांगलेला! त्यावर राक्षसाचं तोंड रंगवलेलं, सुळे, मिशा, बटबटीत डोळे. माझ्या तोंडाच्या दुप्पट.

विंगेतून देवाप्पा भक्तिभावाने कुजबुजला, “होस बिल्डिंग, सार! दृष्ट लागते!”

होस म्हणजे नवी. बेंगळुरात नव्या इमारतीला दृष्ट लागू नये म्हणून असा राक्षसतोंडी कोहळा टांगतात. देवाप्पाने रावणालाही त्यातून सूट दिली नव्हती.

मी वरून हात घालून कोहळा मागे ओढू लागलो. सुतळी पक्की. कोहळा नुसताच डुलत राहिला. घामाघूम होऊन मी उरलेले संवाद कसेबसे म्हटले.

सासरे दुकान बंद करून उशिरा आलेले, शेवटच्या रांगेत बसले होते. पडदा पडल्यावर ते लगबगीने आत आले. चेहरा फुललेला!

“काय तो कुंभकर्ण हो मकरंदराव! अबब! नुसतं डोकंच दाराएवढं!”

मी छाती फुगवली. टाचाही उचलल्या.

“आणि त्याला गदगदा हलवून उठवत होता, तो नोकर तुम्हीच ना?” त्यांनी माझ्या खांद्यावर, वरून, हात ठेवला. “पार्ट अगदी मापाचा मिळाला बघा.”