उतारावरची डॉली

"रूळ नकोत, काही नकोत. ही कुठेही पळते," बिश्केकच्या दुकानदाराने सांगितलं आणि दिग्दर्शक एसेनबेकने तीच डॉली, म्हणजे कॅमेऱ्याची ढकलगाडी, भाड्याने घेतली. वर कॅमेऱ्याची जागा, मागे खुर्ची, खाली चार जाड रबरी चाकं.

"दादा, गावातली गल्ली उताराची आहे," कॅमेरा सांभाळणारी आयपेरी म्हणाली. "रुळांवरची घ्या. रुळांखाली लाकडं सारून वाट सपाट तरी करता येते."

"आयपेरी, डॉली मी निवडतो. तू फक्त बघत राहा."

चित्रपटाचा शेवट घ्यायचा होता. म्हातारी आई पाठ फिरवून गल्लीतून निघून जाते आणि कॅमेरा अलगद तिच्यामागे जातो. ऊन डोंगराआड जायच्या आत तो उरकायला हवा होता, कारण आईचं काम करणाऱ्या बुरूल आपा दुसऱ्या दिवशी नाटकाच्या दौऱ्यावर निघणार होत्या. आयपेरी भिंग पुसत होती. तेवढ्यात एसेनबेक "चाल कशी आहे बघू" म्हणत खुर्चीत बसला आणि त्याने ब्रेक सोडला.

चाल उत्तम होती. ती थांबली थेट गल्लीच्या खालच्या टोकाला राहणाऱ्या उमुत आजींच्या अंगणात, गवताच्या गंजीवर.

अंगणात समारंभ चालला होता. नुकत्याच उभ्या राहू लागलेल्या नातवाच्या पायांत दोरी बांधली होती. गावची मुलं त्याच्याकडे धावत सुटली होती. जो पहिला पोचेल त्याने दोरी कापायची आणि बाळाने पुढे त्याचीच चाल उचलायची. एसेनबेक सगळ्यांना मागे टाकून पहिला आला होता.

"काप रे!" आजींनी सुरी पुढे केली.

"आजी, माझं शूटिंग चाललंय!"

"पहिला कोण आला?"

"हाच!" पाहुणे ओरडले.

"पण बसून आला," एक काकू कुजबुजली. "आता पोर चालायचं कसं?"

दोरी कापली. बाळ दोन पावलं टाकून डॉलीपाशी गेलं आणि त्याने भोकाड पसरलं. खुर्चीत बसवलं तेव्हा कुठे गप्प झालं. एसेनबेकपुढे मटणाची परात आली. न जेवता उठणं शक्यच नव्हतं.

धापा टाकत आयपेरी पोचली. तिने आधी ऊन पाहिलं, मग बाळ, मग कोपऱ्यातली रिकामी बाबागाडी.

"आजी, ही जरा नेऊ?"

"ने गं बाई. त्याला आता कशाला हवी?"

एसेनबेक डॉली ढकलत वर आला तेव्हा ऊन गेलं होतं. "गेला ना शॉट?"

"घेतला." आयपेरीने बाबागाडीत बसवलेला कॅमेरा त्याच्याकडे वळवला.

त्याने छोट्या पडद्यावर पाहिलं. आईची थरथरणारी पाठ, मुकाट मागे पडणारी गल्ली. मग म्हणाला, "उद्या डॉलीवर पुन्हा घेऊ."

"उद्या मी नाही," बुरूल आपा डोळे पुसत म्हणाल्या, "आणि हे रडणंही नाही."

आठवड्याने बिश्केकमध्ये निर्मात्याने तो शॉट पाहिला. "याला म्हणतात डॉली!" तो खूश होऊन म्हणाला. "एसेनबेक, पुढच्या चित्रपटालाही हीच हवी."

"हीच," एसेनबेक गंभीरपणे म्हणाला. मग आयपेरीकडे झुकून त्याने हळूच विचारलं, "उमुत आजींचा फोन नंबर घेतलायस ना?"