रोलरपाशी मुक्काम

लिंबाजीमामांसारखा कंजूष माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि कंजुषी कशाची, तर सरकारी डिझेलची! हिंगोली नुकताच जिल्हा झाला होता. मी सेनगावकडच्या रस्त्यांच्या कामावर कारकून आणि मामा रोड रोलरचे ड्रायव्हर. दिवस मावळला की इतर ड्रायव्हर रोलर कॅम्पवर नेत आणि सकाळी परत आणत. मामा मात्र काम थांबेल तिथेच रोलर उभा करून शेजारी अंथरूण टाकत.

"रिकामा रोलर फिरवनं म्हंजे डिझेल मातीत वतनं, भाऊ." हे ते कुणालाही ऐकवत, अगदी बकऱ्या राखणाऱ्या बाईलासुद्धा.

उभ्या गाडीचं इंजिन चालू दिसलं की त्यांचं डोकंच फिरायचं. एकदा कनेरगाव नाक्याला वरातीची जीप धाब्यासमोर घरघरत उभी होती. मामांनी खिडकीतून हात घालून किल्ली फिरवली. मग ती काही केल्या सुरूच होईना! वऱ्हाडी शिव्या द्यायला लागले. शेवटी नवरदेवही बाशिंग सावरत धक्का मारायला उतरला. मामा शेजारून ओरडत होते, "लावा जोर! याला डिझेल लागत न्हाई!" त्या दिवशी ते मार खाता खाता वाचले.

आमच्या साहेबांना मात्र त्यांचं भारी कौतुक. काम गोरेगावला, म्हणजे मामांच्याच गावाला पोचलं, तेव्हा साहेबांनी बक्षीस जाहीर केलं. रोलरपाशी रात्री राखणदार बसेल, मामांनी खुशाल घरी झोपावं. घर तर रोलरवरून दिसत होतं.

मामांचा चेहराच पडला. "राखनदाराला कंदील लागंल, सायेब. फुकट घासलेट जळंल." साहेब पोट धरून हसले. मीही हसलो.

संध्याकाळी मामा गेले, पण अंथरूण रोलरपाशीच राहिलं. म्हणून मी ते घेऊन त्यांच्या घरी गेलो. मामा ओट्यावर बसले होते आणि दाराला कुलूप होतं.

"किल्ली हरवली का, मामा?"

त्यांनी मूठ उघडून किल्ली दाखवली.

"मग बाहेर काहून बसले?"

"लेक नांदायला गेली. तिची माय वारली तवा मी डांबराच्या कामावर व्हतो." मामांनी मूठ पुन्हा मिटली. "आत गेलं की लाईट लावा लागते, भाऊ. लाईट लावली की समदं घर दिसते."

मी ओट्यावर अंथरूण पसरलं आणि त्यांच्याशेजारी टेकलो.

"तुमची सेनगावची शेवटची जीप निघून राहिली," मामा म्हणाले.

"निघू द्या," मी म्हणालो.