टाकीतला शिंपला

फुटलेलं काहीही माझ्यापुढे आणा, मी जोडून देतो! हंडा, चप्पल, छप्पर! मुरबाडच्या डिंकाच्या कारखान्यात बाटल्या धुता धुता मी जे शिकलो, ते कॉलेजवाल्यांना सात जन्मांत जमणार नाही! असं मी दोन हजार चारच्या मे महिन्यात अख्ख्या पाड्यासमोर बोललो. बोललो ते बोललो!

आमच्या पाड्यावरून तानसा तलाव दिसतो. पाणी मुंबईचं, बघायचं आम्ही! आमच्या वाट्याला टँकर आणि एक सिमेंटची टाकी. टाकीला कमरेएवढ्या उंचीवर चीर. सकाळी टँकर ओतून जायचा, संध्याकाळपर्यंत चिरेच्या वरचं सगळं पाणी मातीत! सिमेंट भरायचं तर टाकी सुकवायला हवी. सुकवायला तयार कोण?

त्यात भीमाआत्याच्या नातीचं, संघरत्नाचं, त्या दिवशी संध्याकाळी लग्न. पुढचा टँकर थेट सोमवारी.

"वऱ्हाडाचा भात कशात शिजवू रे? थुंकीत?" आत्या कडाडली.

"आत्या, पाण्यातच जोडतो!"

कारण कारखान्यातल्या आमच्या साहेबांनी नवा डिंक बनवला होता. समुद्रातले काळे शिंपले कितीही लाटा खाल्ल्या तरी खडक सोडत नाहीत. त्यांच्या चिकटपणाची साहेबांनी काचेच्या भांड्यात नक्कल केली होती. मला बाटली देऊन म्हणाले, "टाकीवर लावून बघ, बाळाराम. हातमोजे घाल आणि वरून फरशीचा तुकडा दाब."

हातमोजे मी बायकोला दिले, भांडी घासायला. आणि फरशी कशाला? माझा तळहात काय लहान आहे!

टाकीत उतरताना आत्यानं अडवलं. "आंघोळ केलीस का?"

"दोनदा! साबण लावून!"

पाण्यात उभा राहिलो, चिरेवर डिंक थापला, तळहात दाबला. बाहेर ओरडा झाला, "बंद झाली रे!" मी ऐटीत हात काढायला गेलो.

"मेघा, हात निघत नाय गो!"

"ओढा की!" बायको वरून म्हणाली.

"ओढला! टाकी हलेल, हात नाय हलत!"

मी काही म्हणायच्या आत आत्या गरजली, "खबरदार हात काढलास तर! आधी लगीन होऊ दे!"

झालं! सगळे भाताच्या मागे लागले आणि मी एकटा उरलो. वर झाकणाएवढं गोल आभाळ. छातीशी गार पाणी. ऊन पाण्यावरून उसळून भिंतीवर थरथरत होतं, कोणी चांदीचं जाळं विणत असावं तसं. हळूहळू माझा राग विरघळला. माझा राग, बरं का! वाटलं, आपण शिंपलाच आहोत. मधूनच दोरीची बादली आभाळातून उतरायची, माझं नाक घासून भरायची, वर जायची. दुरून त्रिशरण ऐकू आलं. डोळे मिटले. मला दिसलं, तानशाचं पाणी मुंबईची वाट सोडून हळूच आमच्या पाड्याकडे चढतंय, दारात येऊन विचारतंय, येऊ का...

टण्ण! टाळक्यात बादली.

"झोपू नका हो, बुडाल! जिलेबी पाठवलीय, धरा!" वरून मेघा ओरडली.

लग्नाला आलेले साहेब आत डोकावले. "सुटत नाही?"

"नाही, साहेब!"

"वा!" माणूस नाचायचाच बाकी होता!

"सोडवायचं कसं?"

"ते अजून शोधायचंय."

पण शोधावं लागलंच नाही. पंगत उठली, हात धुवायला बादल्यांवर बादल्या गेल्या. पाणी माझ्या हाताखाली उतरलं. डिंक सुकला, पापडासारखा तडकला आणि मी सुटलो! चिरेवरचा डिंकही गळून पडला.

साहेबांचं तोंड उतरलं. "सुकला की सोडतो... समुद्र आटत नाही ना, म्हणून शिंपल्याला ही अडचणच येत नाही."

"शिंपल्याला समुद्र आहे, साहेब! आम्हाला सोमवारचा टँकर आहे!"

काय बोललो! छाती फुगली माझी! आत्या मात्र माझ्या तळहाताकडे टक लावून बघत होती. काहीतरी मापत होती.

सोमवारी टँकरचा हॉर्न वाजला. दारात आत्या. हातात साहेबांची उरलेली बाटली.

"ऊठ रे बाळाराम. आंघोळ कर."

केली. दोनदा. साबण लावून.