बाईसाहेबांची बॅग

मांजरीला जबरदस्तीने पेटीत कोंबायचं नाही, एवढाच निर्णय मी घेतला होता. निर्णय अगदी लहान होता. पण त्याच्यापायी आधी घराची बेल गेली, मग बाबांचा आवाज गेला, आणि शेवटी इमारतीत माझी जी काही थोडीफार राहिली होती तीही गेली. (अब्रू म्हणत नाही. तो शब्द फार मोठा होईल.)

मी दूर देशी शिकून परत आलेला मुलगा आहे. लोकांना विश्वासात घेऊन निर्णय कसे घ्यावेत, या विषयात माझी पदवी आहे. (ती घ्यायला जाताना घरच्यांना विश्वासात घेतलं नव्हतं, याची आठवण आमची ताई अधूनमधून करून देते.) तिकडे राहायची सोय होती, नोकरीही मिळत होती. पण आपलं शहर आपणच बदलायचं, या ध्यासाने मी परत आलो आणि इथल्या एका मोठ्या कचेरीत नागरिक-संवाद विभागात रुजू झालो. तिथे तक्रारीच्या खिडकीच्या काचेला जे भोक होतं ते इतकं खाली होतं, की तक्रार करणाऱ्याला कमरेत वाकूनच बोलावं लागे. हे भोक वर घ्या, म्हणून मी मागे लागलो. नुसता मागे लागलो नाही, जीव तोडून बोललो. सभा झाल्या. शेवटी त्यांनी आतल्या कारकुनाची खुर्ची उंच केली.

मी तत्त्वासाठी राजीनामा दिला. दुपारचा चहा यायच्या आत तो मंजूर झाला. त्या कचेरीत इतक्या वेगाने झालेलं काम मी दुसरं पाहिलं नाही.

टेबलावरचं सामान खोक्यात भरून मागच्या दाराने बाहेर पडलो, तर जनरेटरच्या आडोशाला ही बसलेली. राखाडी रंग, एका कानाचं टोक तुटलेलं, आणि डोळ्यांत सगळ्या जगाविषयी अविश्वास. मला ती एकदम जवळची वाटली. मी खोकं तिथेच रिकामं केलं आणि तिला त्यात घालून घरी आणलं. तिने मला कोपरापर्यंत ओरबाडलं. कचेरीने निदान हात तरी धड ठेवले होते.

“हिचं नाव काय?” ताईने विचारलं. ताई बालवाडीत शिकवते आणि घरातल्या सगळ्यांशीही त्याच वर्गात असल्यासारखी बोलते.

“नाव द्यायचं नाही. नाव देणं म्हणजे मालकी सांगणं.”

“मग हाक कशी मारायची?”

“मारायचीच नाही. ती आपणहून येईल.”

“माझ्या वर्गात असं केलं ना, तर संध्याकाळपर्यंत एकही पोर हाती लागायचं नाही,” ताई म्हणाली, आणि तिने तिथल्या तिथे तिचं नाव बाईसाहेब ठेवलं.

बाईसाहेबांनी माझी खोली ताब्यात घेतली. माझी तिकडून आणलेली मोठी निळी बॅग पलंगाशेजारी उघडीच पडलेली असे. परत आल्यापासून ती मी पुरती रिकामी केलीच नव्हती. लागेल तसा शर्ट त्यातून काढायचा, धुऊन आला की त्यातच टाकायचा. कपाटात आईने माझ्यासाठी दोन कप्पे मोकळे करून ठेवले होते. ते मोकळेच होते. बाईसाहेब त्या बॅगेत, माझ्या जाड स्वेटरवर जाऊन बसल्या त्या बसल्याच.

मी घरच्यांना हॉलमध्ये बसवून पद्धत समजावली. घाबरलेल्या जिवाशी कसं वागायचं यावर मी बरंच वाचलं होतं.

“तिच्या डोळ्यात डोळे घालून बघायचं नाही. जवळ जाऊन, काय झालं, का खात नाहीस, असं करायचं नाही. बशी दाराशी ठेवायची आणि पाय न वाजवता निघून यायचं. मोठ्याने बोलायचं नाही. ती आपणहून बाहेर येईल तेव्हा येईल. तोवर तिला असं वाटलं पाहिजे, की आपलं तिच्याकडे लक्षच नाही.”

आईने बाबांकडे पाहिलं. बाबांनी ताईकडे पाहिलं. ताईने छताकडे पाहिलं.

“हे जमेल आम्हाला,” आई म्हणाली.

त्यांना हे इतक्या चटकन पटलं याचं मला नवल वाटलं. (कचेरीत असे श्रोते मिळाले असते तर, असंही वाटलं.)

खरे हाल झाले बाबांचे. त्यांचं फरश्यांचं दुकान आहे. फरशी कापायच्या मशीनवर आवाज चढवून बोलण्यात त्यांचा जन्म गेला. ते कुजबुजले की समोरच्या इमारतीतल्या खिडक्या उघडत. शेवटी त्यांनी बोलणंच सोडलं. जेवताना मीठ हवं असेल तर चिमूट दाखवत. बातम्या आवाज बंद करून पाहत. अशा जास्त खऱ्या वाटतात, असं त्यांनी मला एकदा गॅलरीत नेऊन सांगितलं.

दाराची बेल मी स्वतः काढली. तरी लोक कडी वाजवत, म्हणून दारावर मोठ्या अक्षरांत एक पाटी लावली: ‘कृपया दार वाजवू नका. आत कुणीतरी घाबरलेलं आहे.’ मांजर असा शब्द मी मुद्दाम घातला नाही. एखाद्या जिवाची ओळख त्याच्या जातीवरून का करून द्यावी, असा माझा विचार होता.

आणि मांजर न्यायची जाळीची पेटी मी हॉलच्या मधोमध उघडी ठेवली. तिच्यात मऊ फडकं घातलं. डॉक्टरकडे न्यायची वेळ कधीतरी येणारच, तेव्हा ती त्या पेटीत स्वखुशीने जाऊन बसेल. सगळे पेटीला अडखळत. बाबांचा अंगठा दोनदा ठेचकाळला आणि दोन्ही वेळा ते बिचारे नि:शब्द कळवळले.

मग बाईसाहेबांनी खाणं सोडलं.

आधी तोंडातून लाळ यायला लागली, मग एक गाल सुजला. बशीतलं तसंच राहिलं. दुसऱ्या दिवशी पाण्यालाही तोंड लावलं नाही. मी प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंना फोन केला.

“दाताचं असणार,” त्या म्हणाल्या. “मांजर उपाशी राहिलं की त्याचं यकृत बिघडतं, मग माझ्याही हातात काही राहत नाही. आजच आणा.”

“तिला पेटीची सवय व्हायची आहे अजून.”

“किती दिवस लागतील?”

“ते तिने ठरवायचं.”

“मग ती ठरवेलच,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “पण तुम्हाला आवडेल असं नाही ठरवणार.”

मी पुष्कळ बोललो. (बोलण्यात मी कमी पडत नाही.) अखेर कंटाळून त्या दुपारी जाता जाता घरी यायला तयार झाल्या. आम्ही चौघे श्वास रोखून वाट पाहत बसलो. फोन मुके करून ठेवले होते. दुपार गेली. कुणीच आलं नाही. लोक शब्द पाळत नाहीत, यावर मी ताईला हलक्या आवाजात बरंच काही सांगत होतो, तेवढ्यात तिने फोन उचलून माझ्यापुढे धरला. डॉक्टरीणबाईंचे कितीतरी फोन येऊन गेले होते. मग निरोप होता: ‘बेल सापडली नाही. पाटी वाचली, म्हणून दार वाजवलं नाही. संध्याकाळपर्यंत दवाखान्यात आहे.’

मी खोलीत गेलो. बाईसाहेब बॅगेत मान टाकून पडल्या होत्या. मी फरशीवर आडवा झालो आणि तिच्याकडे पाहून सावकाश डोळे मिटले, सावकाश उघडले. मांजरांच्या भाषेत याचा अर्थ, माझ्यावर विश्वास ठेव. तिने तोंड भिंतीकडे फिरवलं. याचा अर्थ सगळ्याच भाषांत एक असतो.

“हे बघ,” मी म्हणालो, “मला तुझ्यावर काही लादायचं नाही. पण गेलं पाहिजे. तू फक्त उठून त्या पेटीपर्यंत चल.”

तिच्या तोंडाला कुजका वास येत होता. छातीचा भाता भराभर हलत होता. ही मरेल, असं पहिल्यांदाच माझ्या मनात आलं. आणि तरी माझा हात पुढे होईना.

आई आत आली. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. ती बॅगेशी उकिडवी बसली, बॅगेचं झाकण उलटवलं, आणि चेन ओढत तिन्ही बाजूंनी फिरवून आणली. हवेपुरती फट ठेवली. चेन ओढताना तिचे डोळे भरले होते. मांजरीची एवढी माया आईला कधी लागली, मला कळलं नाही.

“आई, ही जबरदस्ती आहे.”

“हो,” आई म्हणाली. “उचल आता. मला नाही झेपणार.”

बॅग छातीशी धरून मी बाहेर पडलो. मागे डोळे पुसत आई. बाबा गाडी काढायला पुढे गेले होते. जिन्यात शेजारच्या काकूंनी दार उघडलं. त्यांनी बॅग पाहिली, आईचे डोळे पाहिले, आणि चेहरा समजूतदार केला.

“निघालास?”

“हो काकू, जरा घाई आहे.”

“बरं केलंस बाबा. तुझं तिकडेच नीट होतं.”

“नाही, म्हणजे या बॅगेत...”

“काही सांगू नकोस. आम्ही कधी विचारलं का? रोज वाचत होतो ना पाटी. म्हणून तर एकदाही दार वाजवलं नाही.”

बॅगेतून एक म्याव आलं असतं तरी मी वाचलो असतो. पण बाईसाहेब भीतीने गारठून गप्प होत्या. काकूंनी आईच्या पाठीवरून हात फिरवला. “जाऊ दे गं. पोराचं सुख बघायचं.”

खाली वॉचमन, जो माझ्यासाठी आजवर खुर्चीतून उठला नव्हता, तो उठला आणि त्याने फाटकाची दोन्ही दारं उघडली.

“आता कधी येणं साहेब?”

“तासाभरात.”

तो मनापासून हसला. मी एवढा विनोदी आहे हे त्याला माहीत नसावं.

फाटकात मी जरा रेंगाळलो. कुणी म्हणेल, अरे, नको जाऊ. जायचं नव्हतंच, पण म्हणायला काय हरकत होती. वॉचमनने एक दार लोटून घेतलं. मी गाडीत बसलो.

दवाखान्यात आईने बाईसाहेबांना टॉवेलात गुंडाळून टेबलावर धरलं. तिच्याकडे बघत नव्हती, तिच्याशी बोलत नव्हती, नुसती धरून होती. बाईसाहेब आधी फिसकारल्या आणि मग चक्क सैल पडल्या.

“दात किडून पू झालाय. आता भूल देऊन काढते,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

“तिला थोडा वेळ द्या,” मी म्हणालो. “तिची तयारी होऊ दे.”

“मी दात काढतेय. मतदान नाही घेत.” आणि मग आईकडे वळून, “छान धरता हो. घाबरलेल्या जनावराची सवय दिसते.”

“जनावराची नाही,” आई म्हणाली. “आमचा मुलगा परत आल्यापासून सवय झाली.”

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं.

“त्याच्या डोळ्यात बघू नका,” बाबा कुजबुजले. ते बाहेरच्या बाकावरच्या कुत्र्यालाही ऐकू गेलं.

दात निघाला. बाईसाहेब शुद्धीवर आल्या आणि लटपटत सरळ बॅगेत जाऊन झोपल्या. “एवढ्यात ती बॅग काढून घेऊ नका,” डॉक्टरीणबाईंनी बजावलं. “जगात तिचा भरवसा तेवढ्यावरच आहे.”

परतताना गाडीत मी विचारलं, “तुम्ही मला कधी काही विचारलं का नाहीत?”

“विचारलं की तू भाषण करतोस,” आई म्हणाली.

“आणि मग खोलीत जातोस,” बाबा म्हणाले. आता त्यांना मोठ्याने बोलायची मुभा होती, पण सवय मोडली होती. “तू आंघोळीला गेलास की तुझी आई रोज जाऊन बघते, बॅग उघडीच आहे ना. एकदा जरी बंद दिसली तर...” पुढचं त्यांनी हातानेच सांगितलं, मिठासारखं.

आई खिडकीबाहेर बघत होती. “आज मीच बंद केली,” ती म्हणाली.

फाटकाशी वॉचमन उठून उभा राहिला. त्याने मला पाहिलं, बॅग पाहिली, आणि परत बसला. काकूंचं दार किलकिलं झालं आणि मिटलं.

बॅग बाईसाहेबांची झाली म्हटल्यावर माझे कपडे ठेवायला जागा उरली नाही. तेव्हा कुठे मी कपाट उघडलं आणि आईने मोकळ्या ठेवलेल्या कप्प्यांत शर्ट लावायला लागलो. स्वेटर सोडून सगळं लागलं. शहर बदलायला आलेला माणूस, पहिला बदल हा झाला, आणि तोही मांजरीच्या दातापायी.

मागे हलकासा आवाज झाला. आई दाराशी ताट ठेवत होती. तिने माझ्याकडे पाहिलं नाही, काही विचारलं नाही. पाय न वाजवता निघून गेली. पद्धत मी शिकवली होती तश्शीच, एकही चूक नाही.

बॅगेतून बाईसाहेब माझ्याकडे बघत होत्या. मी बाहेरची चाहूल घेतली. कुणी नव्हतं. मग हळूच ताट आत ओढून घेतलं.

“खातोय का?” बाहेरून ताईचा दबका आवाज आला.

“हळू बोल,” आई म्हणाली. “आत्ताच जवळ आलाय.”