भेदरं वाजेपर्यंत

नियम रेवतीनेच घातला होता, त्यामुळे पुढे जे झालं त्याबद्दल दुसऱ्या कोणाकडे बोट दाखवायची सोय तिला उरली नाही. टोमॅटोच्या आकाराचं, पीळ देऊन लावायचं लाल घड्याळ तिने टेबलावर ठेवलं आणि सांगितलं, "वीस मिनिटं. टेबलावर एकच वही, एकच पेन्सिल. मध्ये कोणी आलं, कोणी बोललं, तर घड्याळ परत वीसवर. पहिल्यापासून."

"म्हंजे हे भेदरं वाजलं की झालं?" कारभारींनी विचारलं. त्यांच्याकडे टोमॅटोला भेदरंच म्हणत.

"वाजलं की झालं."

"मंग वाजू द्या. मी इथंच बसतो." त्यांनी प्लॅस्टिकची खुर्ची दारातच ओढली, चष्मा चढवला आणि क्रिकेटच्या पंचासारखे पाय फाकवून बसले.

टेबलापाशी बसली होती त्यांची नात प्रेरणा, चौथीतली. वाचताना ती पहिल्या ओळीवरून थेट तिसरीवर उडी मारायची आणि लिहिताना अर्ध्या वाक्यात उठून शेळी काय करतेय ते पाहून यायची. अशा मुलांना शिकवण्याचं रीतसर शिक्षण घेऊन रेवतीने चिखलीत वर्ग काढला होता. प्रेरणा तिथे चार महिने येत होती. तिची आई, म्हणजे कारभारींची सून पूनम, हिला फरक दिसत होता: पोरगी पूर्वी वह्या फाडायची, आता नुसते कोपरे चावायची. कारभारींना मात्र तो दिसत नव्हता. म्हणून त्यांनी रेवतीला उंद्रीला घरी बोलावलं होतं.

"आज माह्या डोळ्यापुढं पोरगी वीस मिनिटं एका जागी बसली, तर तुमचं चालू द्या," ते म्हणाले. "नाई तर जूनपासून वसतिगृहाच्या शाळेत. तिथला एक सर भल्याभल्यायले सरळ करते म्हंतात."

प्रेरणाने आईकडे पाहिलं. पूनमने पदराचं टोक बोटाला गुंडाळायला घेतलं.

रेवती मनातून चरफडली. उंद्रीला यायचं ती दोन महिने टाळत होती. तिचे वडील रमाकांत सर या गावच्या शाळेत बावीस वर्षं होते, आणि ते जाऊन दोन महिने झाले होते. तेव्हापासून चिखलीच्या घरी रोज कोणी ना कोणी बसायला येई. माणूस येतो, फोटोकडे पाहतो, गप्प बसतो, उठतो. जाताना तो 'येतो' म्हणत नाही आणि घरच्यांनीही 'या' म्हणायचं नसतं. दोन महिन्यांत रेवतीने एकाही माणसाला 'या' म्हटलं नव्हतं. कामावर परतली ती निदान तिथे तरी कोणी गप्प बसणार नाही म्हणून.

त्यात आज एक चूक झाली. तिने घराचा पत्ता राजकुमारच्या पिठाच्या गिरणीवर विचारला आणि तिथे सरांची मुलगी म्हणून ओळखली गेली.

"माझं घर. पाच वाक्यं लिही," तिने प्रेरणाला सांगितलं आणि घड्याळ पिळलं. टिकटिक सुरू झाली. प्रेरणाने पेन्सिल उचलली. चार मिनिटं झाली आणि पूनम चहा घेऊन आली.

"परत वीस," कारभारी म्हणाले.

"पूनमताई, सांगितलं होतं ना?"

"पहिल्यांदा घरी आल्या तुम्ही. बिनाचहाचं कसं ठेवू?"

रेवतीने चहा एका दमात संपवला, जीभ पोळून घेतली आणि घड्याळ परत पिळलं. या वेळी अकरा मिनिटं गेली. मग कारभारींच्या खुर्चीला वळसा घालून शेजारच्या रुखमाबाई आत आल्या, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि रेवतीसमोर जमिनीवर बसल्या. काही बोलल्या नाहीत.

रेवतीला ते बसणं ओळखू आलं. लगेच मागून आला तो वैताग.

"परत वीस," कारभारी हळूच म्हणाले. दुखवट्याच्या बसण्यात मोठ्याने बोलायचं नसतं, एवढं त्यांनाही कळत होतं.

रुखमाबाई पाच मिनिटं बसल्या, दहा मिनिटं बसल्या. त्यांना उठा म्हणता येईना, कारण त्या दुःखात सामील व्हायला आल्या होत्या. अशा माणसाला घाई कशी करायची, ते रेवतीच्या कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

"लय देवमानूस," शेवटी रुखमाबाई म्हणाल्या. "माह्या पोराले लय मारलं त्यायनं."

"आपण आतल्या खोलीत बसू," रेवती पूनमला म्हणाली. "दार लावून."

आतल्या खोलीत सोयाबीनची पोती होती. पोत्यांना टेकून टेबल लागलं, कारभारींची खुर्ची आली, दार लागलं, घड्याळ परत वीसवर गेलं. आणि बाहेर रुखमाबाईंनी अंगणात जमलेल्या दोघींना सांगितलं, "आत नेलं तिले. लय भरून आलं बिचारीले. दार लावून रडून राह्यली."

हे गिरणीपर्यंत पोचायला दळणाच्या एका डब्याएवढा वेळ लागला. गिरणी बंद करून राजकुमार स्वतः आला. त्याने दार ठोठावलं नाही, सरळ उघडलं. अंगभर पीठ होतं.

"रेवतीताई, रडू नोका."

"मी रडत नाहीये!"

"हाव, हाव. असंच म्हना." तो पोत्यावर बसला. "मले सरांनी कधी हात लावला नाई. मी वर्गात बसूच शकत नव्हतो. घडीत उठ, घडीत बस. सर म्हनले, राजकुमार, तुले बसता येत नाई ना? मंग उभा राह्य, अन् घड्याळाकडं पाह्य. शाळेची घंटा आजपासून तुह्याकडं. तीन वर्सं मीच वाजवली. टाइम पाहता पाहता पाढे शिकलो."

तीन वर्षं रेवती बाबांशी भांडत आली होती. तुमची पद्धत जुनी, माझी नवी. तुमचं शिक्षण, माझी थेरपी. ते प्रत्येक वेळी चष्मा पुसत "असेल बुवा" एवढंच म्हणायचे. या घंटेचं एकदा सांगितलं असतं तर दोघांचेही कितीतरी रविवार वाचले असते.

"परत वीस," कारभारी म्हणाले. त्यांच्या आवाजात आता थोडं समाधान होतं. "पोरीचं तर होनंच नाई बाप्पा हे."

"पण ती कुठे उठली? लोक येताहेत!"

"नियम तुमचाच हाय, म्याडम."

राजकुमारला रेवतीने हाताला धरून बाहेर काढलं. अंगणाकडे नजर गेली आणि ती थबकली. सात-आठ बायका पदर घेऊन बसल्या होत्या. सुतकाच्या घरी चूल पेटत नाही म्हणून शेजारच्या सोजराबाईंनी पातेलंभर पिठलं आणि भाकरींची चळत आणली होती. पूनम रडवेली होऊन सांगत होती, "अवो काकू, माह्या घरी सुतक नाई!"

"असू दे माय. खाऊन घ्या."

रेवतीने दार ओढून कडी घातली. घड्याळ पिळलं. अठरा मिनिटं कोणी आलं नाही. ती दाराच्या फटीकडे पाहत होती, कारभारी घड्याळाकडे. त्यांच्या चेहऱ्यावरचं समाधान उतरत चाललं होतं. तेवढ्यात त्यांच्याच खिशात आरती वाजायला लागली.

त्यांनी फोन कानाला लावला. पलीकडचं रडणं खोलीभर ऐकू आलं. साखरखेर्ड्याला दिलेली त्यांची लेक डिंपल होती.

"कोन बोलते?" ती हुंदके देत विचारत होती.

"मी बोलतो ना वं. तुहा बाप."

"खोटं नोका बोलू! बाबाचा फोन कोनाजवळ हाय? घरापुढं बाया बसल्या, पिठलं-भाकर आली, दार बंद हाय, मले समदं समजलं!"

"अवं मी जिता हाय!"

"मंग व्हिडिओ कॉल करा!"

कारभारींना व्हिडिओ कॉल करता येत नव्हता आणि पोत्यांच्या खोलीत तेवढी रेंजही नव्हती. ते फोन डोक्यावर धरून अंगणात धावले. त्यांना धडधाकट पाहून दोन बायका उठून उभ्या राहिल्या. राजकुमारने फोन हातात घेतला, पण पीठ लागल्याने पडदा बोटाला दाद देईना. मग रुखमाबाई, सोजराबाई, पूनम असे सगळेच त्या फोनभोवती जमले. डिंपल एकदाची दिसली ती उलटी, आणि तिला दिसला तो फक्त कारभारींचा कान. तिने नवा टाहो फोडला. तो ऐकून रस्त्यावरून जाणारी एक अनोळखी म्हातारी फाटकातून आत आली आणि तिनेही सूर लावला.

रेवती उंबऱ्यात उभी होती. चहा, पोती, पिठलं, आरती. तिला आता काही ऐकवेना.

"बंद करा!" ती ओरडली. "कोणी मेलं नाही इथे!"

अनोळखी म्हातारीने सूर आवरला. फोनमधली डिंपलसुद्धा थांबली.

रुखमाबाईंनी वर पाहिलं. "सर गेले ना, बाई," त्या म्हणाल्या. अगदी साधं, जसं पोराला वार कोणता ते सांगावं.

रेवती पायरीवर बसली. सोजराबाईंनी तिच्या हातात पिठलं-भाकरीची थाळी दिली. तिने एक घास मोडला, मग दुसरा. या गप्प बसण्यातून काय सांगायचं असतं ते तिला पहिल्यांदा कळत होतं, आणि तिची भाकरी संपेपर्यंत एकही बाई जागची हलली नाही. रस्त्यावरची म्हातारीही बसली.

आणि आतल्या खोलीत खणखणून घंटा वाजली.

कारभारी आधी उठले. मागून रेवती, तिच्यामागे सगळं अंगण. पोत्यांच्या खोलीत प्रेरणा टेबलापाशी बसली होती, जीभ ओठाबाहेर, पेन्सिल चालू. घड्याळ शून्यावर होतं.

"कोनं लावलं हे?" कारभारींनी विचारलं.

"म्या. तुमचा फोन वाजला ना. परत वीस."

"अन् तू इथंच होती?"

"मंग? बाहेर तर लय गडबड होती."

त्यांनी वही उचलली. 'माझं घर' असा मथळा होता. खाली वाकडीतिकडी, पण ओळीवर चालणारी अक्षरं होती. चष्मा सरकवत ते मोठ्याने वाचू लागले.

"आई. चाहा आनला. सोळा राह्यले. रुखमा आजी. नऊ राह्यले. उठतच नाई. राजकुमार काका. पंधरा राह्यले. पीठ सांडलं. मॅडम दाराकडंच पाहून राह्यल्या." त्यांनी घसा खाकरला. "आजोबाचा फोन. दोनच राह्यले होते."

राजकुमार हसला. कारभारींनी त्याच्याकडे पाहिल्यावर त्याने अंगावरचं पीठ झटकायला घेतलं.

"पुढं?" रुखमाबाई म्हणाल्या.

"आता कोनीच नाई. मस्त हाय."

कारभारींनी वही चष्म्याजवळ धरली. "अक्षरं वाकडी हायेत," ते म्हणाले.

"आहेत," रेवती म्हणाली.

"पन दोन राह्यले होते, हे खरं हाय." त्यांनी वही जपून टेबलावर ठेवली.

"अन् वसतिगृहाचं, मामाजी?" पूनमने विचारलं.

"तिथं साठ पोरं असतात एका खोलीत. तिथं काय कोनाचं लक्ष लागते?" हा विचार सुरुवातीपासून आपलाच होता, अशा थाटात ते खुर्ची उचलून बाहेर गेले.

रेवतीने घड्याळ पिशवीत टाकलं. सोजराबाईंनी तिच्या गाडीच्या हुकाला उरलेल्या पिठल्याचा डबा अडकवला होता. दोन महिन्यांच्या सवयीने ती काही न बोलता गाडीवर बसली आणि किल्ली फिरवली. बायकाही रीतीप्रमाणे गप्प होत्या.

"मॅडम!" प्रेरणा फाटकापर्यंत धावत आली. "तुम्ही 'येते' नाई म्हनलं."

रेवतीने रुखमाबाईंकडे पाहिलं. रुखमाबाईंनी डोक्यावरचा पदर मागे सारला आणि मान हलवली.

"येते," रेवती म्हणाली.

"या, बाई," कारभारी म्हणाले. "बुधवारी या. पन गिरनीवर नोका थांबू."