शेंगांवर अठ्ठावीस टक्के

शनिवारी दुपारी आमचे शेजारी बिराजदार साहेब रिकामा डबा घेऊन माझ्या दारात उभे राहायचे आणि नमस्काराच्या जागी म्हणायचे, "कायदा म्हणजे कायदा!"

मुलांनो, साहेबांची सगळी नोकरी कर खात्यात गेली. ते निवृत्त झाले, त्यांच्यातलं खातं झालं नाही. दर शनिवारी माझ्याकडे पद्माक्का, रझिया आणि मी रमी खेळतो. पैसे लावत नाही, भाजलेल्या शेंगा लावतो. तुमच्या फोनवरच्या पैशांच्या खेळांवर सरकारनं अठ्ठावीस टक्के कर बसवला, त्याच आठवड्यात साहेब डबा घेऊन हजर.

"शंभर शेंगांना अठ्ठावीस. जिंकल्यावर नाही, डाव मांडतानाच!"

"म्हंजे हरनारीनं बी भरायचं?" रझियानं विचारलं.

"धोरण आहे."

फुटकी शेंग त्यांना चालत नसे. मात्र जिची वाटी रिकामी होई, तिला त्याच डब्यातून 'अनुदान' मिळे. वर ताकीद, "उधळू नका."

मग सरकारनं ते खेळच बंद केले. पद्माक्का वाटच बघत होती.

"ओ साहेब, तितं खेळच बंद झाला, मग टॅक्स कशाचा? आन् आमचं कुटं ऑनलाइन हाय? शेंगा म्हंजे काय पैसे हायत का?"

आम्ही खूप हसलो. साहेबांनी गंभीरपणे विचार केला. "बरोबर. वसुली बेकायदेशीर होती." त्यांनी डबा आमच्यापुढे पालथा केला आणि ते घरी गेले.

पुढच्या शनिवारी ते आले नाहीत. कर नव्हता, तरी डाव काही रंगेना. रझिया सारखी दाराकडे बघत होती. शेवटी पद्माक्काच उठली आणि तिनं शेजारची बेल वाजवली. मागोमाग आम्हीही गेलो.

"चला की साहेब. टॅक्स ऱ्हाऊ द्या, खेळायला या."

"मला पत्ते येत नाहीत." ते चपलांकडे बघत म्हणाले. "सुमन, आमची ही, होती तेव्हा रोज म्हणायची, बसा एक डाव. मी म्हणायचो, मार्च संपू दे."

पद्माक्कानं त्यांना हाताला धरूनच आणलं. मी शेंगांची बशी पुढे केली, तर त्यांनी मान हलवली. कवळीनं त्यांना शेंगा चावताच येत नाहीत.

आता ते दर शनिवारी खेळतात. हातातली पानं सगळ्यांना दिसतील अशी धरतात. त्या वेळी आम्ही तिघी खिडकीबाहेर बघतो.