अकरा मालकांची दोन माणसांची मोटार

मोटार चालवणे आणि मोटार बाळगणे ही दोन शास्त्रे वेगळी आहेत, हे जगातल्या सर्व सुधारलेल्या राष्ट्रांनी आता मान्य केलेले आहे. चालवणे हे ड्रायव्हरचे काम. पगार दिला की ते कोणीही करतो. बाळगायला मात्र घराणे लागते.

त्यातून मोटार शर्यतीची असली, की राष्ट्राराष्ट्राचा स्वभाव उघडा पडतो. इंग्लंडातला शौकीन रविवारी सकाळी तिचे झाकण उघडतो, आत बघतो, पाऊस येईलसे दिसते म्हणतो आणि झाकण लावतो. इटलीतला शौकीन ती चालवतो (म्हणून तिकडे शौकीन थोडे उरतात). जर्मनीत तिच्या प्रत्येक स्क्रूचा वाढदिवस मालकाला पाठ असतो. अमेरिकेत वर्ष झाले की जुनी विकून नवी घेतात. त्या देशात भाऊबंद नसावेत. ही सर्व माहिती विठूने जातीने आणलेली आहे. विठू पूर्वी बोटीवर खलाशी असून वरील चारही देशांच्या बंदरांना त्याची बोट लागली होती. (उतरू दिले ते दोनच ठिकाणी. उरलेले दोन देश त्याने कठड्यावरून नीट पाहिले.)

या चार पद्धतींत पाचवी, म्हणजे रत्नागिरी पद्धत, सन १९३० साली आत्मारामभाऊंनी घालून दिली. भाऊ कचेरीतून पेन्शनीत निघाले होते, पण कचेरी त्यांच्यातून निघाली नव्हती.

मोटार आणली बाबूकाकांनी. हे भाऊंचे सख्खे काका, बोटीवर सारंग, म्हणजे खलाशांचे मुकादम. बोटीच्या कागदांत त्यांनी आपले वय पन्नासच्या पुढे कधी जाऊ दिले नाही. मुंबईत एक साहेब विलायतेला परत निघाला होता, त्याची तांबडी, लांब नाकाची, दोनच माणसे बसतील अशी मोटार काकांनी घेतली, आगबोटीने रत्नागिरीला पाठवली आणि बायकोला निरोप धाडला, की एवढी फेरी करून येतो, मग दोघं बसून मांडवीला जाऊ. बायको म्हणजे गोदूबाई, वाडीची काकी. नवऱ्याला पोचवायला आणि आणायला ती जन्मभर मांडवीच्या बंदरावर चालत गेली होती. मूलबाळ नव्हते. मोटार आगबोटीवरून पडावात आणि पडावातून धक्क्यावर उतरली तेव्हाही ती चालतच बघायला गेली. बाबूकाका त्या फेरीत एडनच्या अलीकडे तापाने गेले आणि त्यांना समुद्रातच सोडले.

आता मोटार कोणाची? अडाणी माणूस म्हणेल, काकीची. परंतु भाऊंनी प्रकरण मुळापासून तपासले. बाबूकाका लहानपणी जी पेज प्यायले ती सामाईक भाताची. त्या पेजेने अंगात जोर आला, जोरावर नोकरी, नोकरीवर मोटार. सबब मोटार सामाईक. हिस्सेदार अकरा, सगळे चुलतभाऊ. काकी विधवा असल्यामुळे तिला अन्नवस्त्राचा हक्क होता, आणि मोटार ही अन्न नव्हे व वस्त्रही नव्हे, हे काकीनेही मान्य केले.

एका फणसाच्या अकरा वाटण्या करण्याचा अनुभव घराण्याला होताच. मोटारीच्या बाबतीत पालखीचा दाखला घेण्यात आला. पालखी एकाची नसते, पण पुढचा दांडा कोणाचा, अबदागीर कोणाची, हे पिढ्यान् पिढ्या ठरलेले असते. त्याप्रमाणे झाकण उघडण्याचा मान वडीलकीने भाऊंकडे आला. भोंगा खंडूकडे, तो शिमग्याला, दसऱ्याला आणि वाडीत मुलगा झाला तर वाजवायचा. चाकांत हवा भरण्याचा मान मोरूला मिळाला. डावे चाक आपल्या घराच्या बाजूला येते म्हणून विठूने त्यावर वेगळा दावा सांगितला तो अजून चालू आहे. धाकूला मागचा दिवा मिळाला. धाकू कोल्हापूरच्या सर्व्हिस मोटारीवर ड्रायव्हर असून अकराजणांत चालवता येणारा तो एकटा. त्यामुळे त्याला पुढे बसू देणे धोक्याचे होते.

पेट्रोल घालण्याच्या मानावर तिघांचा हक्क निघाल्याने टाकी कोरडी राहिली.

मोटार जांभ्याच्या मांगरात, म्हणजे भात-अवजारांच्या कोठारात, माडाच्या झापांखाली ठेवलेली असे. दर रविवारी संध्याकाळी अकराही जण जमत, झापे काढत, भाऊ झाकण उघडत आणि सगळे आत बघत. मग विठू इंग्लंडातली हकिगत सांगे. ती ताशी किती धावेल यावर चर्चा होऊन ऐंशी मैल हा आकडा बहुमताने ठरला. पुढच्या वर्षी तो शंभरावर नेण्यात आला. त्या अवधीत जिल्ह्यातल्या मोटारींनी कोंबड्या, बकरी, एक पोस्टमन आणि एक म्हैस यांना इजा केली. या मोटारीच्या नावावर काहीही नाही. इटलीने याचा विचार करावा.

मांगर झाडायचे काम काकीकडे होते. (हा मान नव्हे. मान फक्त हिस्सेदाराला असतो.)

असाच एक रविवार. झाकण उघडलेले, सगळे आत बघताहेत, आणि काकी केरसुणी दाराशी टेकून म्हणाली, "आत्माराम, मना येकदा मांडवीपावत न्या रे गाडीतनं. मंग ठेवा झाकून."

काकी लग्न होऊन आली तेव्हा भाऊ तीन वर्षांचे होते आणि तिच्या कडेवरच वाढले होते. त्यांना एकदम भरून आले, आणि भरून आले की ते कचेरीच्या भाषेत जात.

"तत्त्वतः हरकत नाही," भाऊ म्हणाले.

"मी नेतो काकी," धाकू म्हणाला. "डबाभर पेट्रोल आनतो. अर्ध्या घटकेचं काम."

"तू नेशील रे," मोरू म्हणाला, "आनि उद्या म्हनशील सुकाणू माझं. आनि काकी बसली की वहिवाट पडली. फनसाखालनं येकदा वाट दिली ती बंद कराय किती वर्सं कोर्टात गेलाव, इसरलास?"

यात तथ्य होते. कोकणात माणूस मेला तर बारा दिवसांत मोकळा होतो. वहिवाट पडली की सुटका नाही. भाऊंनी विचारासाठी मुदत घेतली. मुदत तीन शिमगे चालली. या काळात काकीने पुन्हा विचारले नाही. फक्त मोटार बाहेर काढायची झाली तर अडायला नको म्हणून ती मांगराच्या दारातला केर रोज दोनदा काढू लागली. ते पाहून भाऊंचा जीव तुटे, आणि जीव तुटला की ते आणखी एक पोटकलम करत.

अखेर तोड निघाली, आणि ती जिल्ह्याच्या इतिहासात नोंदवण्यासारखी आहे. इंजिन सुरू करायचे नाही, म्हणजे चालवण्याचा प्रश्न उद्भवत नाही. शिमग्याला अकराही जणांनी मोटार ढकलत मांडवीला न्यायची, पालखीसारखी, ढोल लावून. काकीने बसायचे. परंतु आधी गुरवाकडून देवाला गाऱ्हाणे घालून वहिवाटीचा बंदोबस्त करायचा.

त्या दिवशी भाऊ आनंदात होते. काकीला एक गोष्ट द्यायची राहून गेली होती, ती आज ते देणार होते, आणि कोणाचाही हिस्सा न दुखावता. काकी धुवट लुगडे नेसून आली होती. बसल्यावर पाय दिसतील म्हणून तिने टाचा घासून घेतल्या होत्या.

गुरवाने नारळ हातात धरला. "बा म्हाराजा, अकरा भाव येक विचारानं तुज्या पायाशी उभं हायत."

"व्हय म्हाराजा!"

"तुज्या साक्षीनं सांगताव, ही गोदूबाय गाडीत बसली नाय."

"व्हय म्हाराजा!"

"आज बसली नाय, उद्या बसली नाय, कदी बसली असा कुनी म्हनल तर त्येचा शबूद खोटा कर."

"व्हय म्हाराजा!"

सर्वांत मोठा आवाज भाऊंचा होता. मजकूर त्यांनीच करून दिला होता. नारळ फुटला, ढोल वाजला, धाकूने दार उघडले आणि काकीने पायरीवर पाय ठेवला.

तेवढ्यात भाऊंच्या लक्षात आले. आयुष्यभर ज्या डोक्याने कचेरी सांभाळली ते डोके ऐन वेळी स्वस्थ बसेना.

"थांबा," ते म्हणाले. "काकी बसली नाही, असं आपण देवाला आत्ताच सांगितलं. आता ती बसली तर देवापुढे अकराजण खोटे बोलल्यासारखं होईल."

ढोल थांबला. मोरूने मान डोलावली. विठूनेही डोलावली, देव कुठल्याही देशात एकच असतो.

"भाऊ, पाय ठेवलाय तिनं," धाकू म्हणाला. "बसू दे तिला."

"पाय ठेवल्याबद्दल कोणाची तक्रार नाही," भाऊ म्हणाले.

काकीने एकदा आतल्या दोन जागांकडे पाहिले. मग पाय खाली घेतला.

"ऱ्हाऊ दे धाकू. देव नको खोटा पडायला." पायरीवर तिच्या पावलाची धूळ उमटली होती. ती तिने वाकून पदराने पुसली. "मोरू, बघ रे. वहिवाट नको ऱ्हायला."

ढोलवाले बोलावलेले होते, तेव्हा मिरवणूक निघाली. अकराजण रिकामी मोटार ढकलत होते आणि काकी तिच्यामागून धुळीतून चालत होती, नेहमीसारखी. बंदरावर पोचल्यावर ती पुढे झाली आणि पाण्याकडे बघत उभी राहिली. आगबोट कुठे दिसत नव्हती. दिसण्याचे कारणही नव्हते.

"खंडू, येकदा वाजव रे," ती म्हणाली. "त्यांना कळंल, गाडी आली."

शिमगा असला तरी त्या दिवसाचा भोंगा निघतानाच वाजवून झाला होता. खंडूने भाऊंकडे पाहिले नाही. त्याने भोंगा दाबला, पुन्हा दाबला, हात दुखेपर्यंत दाबत राहिला. (ही गोष्ट नियमबाह्य असल्याचे नंतर सर्वांनी मान्य केले.) भाऊ झाकण उघडून आत डोके घालून बराच वेळ उभे होते. आत बघण्यासारखे काही नव्हते. ते रडत होते.

पुढल्या रविवारी अकराही जणांनी, फार वाईट झाले, असे एकमताने सांगितले. तेव्हा वाईट वाटण्याचाही एक मान असावा असे ठरले. पण तो प्रत्येकालाच हवा होता. वाद वाढू नये म्हणून भाऊंनी तो बाहेरच्या माणसाला द्यावा असा निवाडा केला. अटी दोनच. त्याला मोटारीत हिस्सा नसावा, आणि ओरडावेसे वाटत असतानाही त्याने सगळा प्रकार शेवटपर्यंत जागेवर बसून पाहिलेला असावा.

वाचक, आपण दोन्ही अटींत बसता. मान आपला. कोणाला उठावे लागत नाही, यातच त्याची थोरवी आहे.